महालक्ष्म्यांचे दागिने

दीपेशला चोर म्हणणे हा चोरांचा अपमान होता. धामनोदला हायवेवर भैयासाहेबाचा ढाबा आहे. उभ्या ट्रकमधला माल आणि डिझेल गायब करणे हा त्याचा खरा धंदा. दीपेश तिथे डिझेल काढायला बसला की नळी तोंडात धरून स्वतःच दोन घोट प्यायचा आणि ओकत बसायचा. भैयासाहेबाने त्याला ठेवला होता तो हसण्यासाठी. पण हसण्याचाही कंटाळा येतो. "भिया, कुछ करके दिखा. नहीं तो यह हाथ किस काम का," तो एकदा म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता.

तेव्हा दीपेशला धारची आत्या आठवली. ही आत्या म्हणजे यमुनाबाई, आमच्या शेजारच्या. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि तीन दिवस घरातला सगळा दागिना देवींच्या अंगावर, पुढच्या खोलीत, उघड्यावर असतो. बाहेरच्या चोराला हे माहीत नसते. दीपेशला होते.

महालक्ष्मीच्या जेवणाला तो आला, पुरणपोळ्या हाणल्या, आणि सगळे घर दुपारी आडवे झाल्यावर उठला. इथेच त्याने गाढवपणा केला. विसर्जनाआधी देवीच्या अंगावरचा दागिना काढायचा नसतो, म्हणून पठ्ठ्याने आधी अक्षता वाहिल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मुखवटे जरासे हलवले. देवीला रीतसर निरोप देऊन मग पुतळीहार, तन्मणी, पाटल्या पिशवीत घातल्या.

यमुनाबाई उठल्या, अक्षता पाहिल्या आणि चोर ओळखला. त्याचे नाव घेतले नाही. "माझ्या सासूबाईंचं सोनं गेलं!" एवढेच गल्लीभर ओरडल्या. पोलिसांत मात्र जायचे नाही म्हणाल्या. का, ते आम्हाला ठाऊक होते. खरे दागिने त्यांच्या मुलाच्या, प्रणवच्या, इंदूरच्या फ्लॅटपायी कधीच विकले गेले होते. तेव्हापासून देवीच्या अंगावर बाजारातला मुलामा. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत, आणि एकही बाई ते बोलत नसे. माहीत नव्हते ते एकट्या दीपेशला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आम्ही जमलो होतो, तेव्हा भैयासाहेब दारात. बूट बाहेर काढून, हात जोडून आत आला. मागे दीपेश, आणि दीपेशला दोन्हीकडून धरलेली दोन माणसे.

"माताजी, सुनार ने सब पीतल बताया," तो म्हणाला. "यह कहता है, गहने थे ही नकली. मैं कहता हूँ, असली इसने दबा लिए. आप बोल दो. नकली थे, तो इसे यहीं छोड़ जाऊँगा."

दीपेश रडत होता. "आत्या, सांग ना गं. मी काहीच नाही दाबलं. खोटे होते म्हण ना. ये लोग मेरा हाथ तोड़ देंगे, आत्या."

यमुनाबाईंनी आमच्याकडे पाहिले. भाच्याकडे नाही, आमच्याकडे. आम्ही सगळ्या ताटातल्या करंज्यांकडे बघत होतो. त्यांनी पदर सारखा केला.

"आमच्या लक्ष्म्या खोटं लेत नाहीत," त्या म्हणाल्या.

भैयासाहेबाने वाकून नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि दीपेशला घेऊन गेला. शेजारी बसलेल्या कमलने मला हळद लावली, मी तिला लावली. मला यमुनाबाईंचा भयंकर संताप आला होता. आजही येतो.

त्यांनी दीपेशचा उजवा पंजा ट्रकच्या मागच्या फाळक्यात ठेवला आणि फाळका आपटला. एकदा नव्हे. बोटे जुळली, पण वळत नाहीत. आता तो त्याच ढाब्यावर टेबले पुसतो, आणि भैयासाहेब त्याच्यावर पुन्हा हसतो.

यंदा महालक्ष्मीच्या जेवणाला त्याला बोलावणे गेले. भाच्याला टाळले असते तर लोक बोलले असते. देवींच्या अंगावर नवा पुतळीहार होता, मागच्याहून पिवळा. दीपेश पंगतीत बसला. यमुनाबाईंनी स्वतः पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. त्याने डावा हात पोळीला लावला.

"दीपेश," त्या म्हणाल्या, "लक्ष्म्यांसमोर डाव्या हातानं जेवू नये."

त्याने हात मांडीवर ठेवला आणि पंगत उठेपर्यंत तसाच ताटाकडे बघत बसला.