शरयूताईंचा रिपोर्ट

कापडाच्या दुकानातली बाबांची नोकरी सुटली तेव्हा मी बारावीत होते. आईने लोकांकडे पोळ्या लाटायची कामं धरली. बाबांनी हमाली करून पाहिली, आणि दोन महिन्यांत पाठ धरली. रात्री कधी चहा-पोळीवर भागायचं. शेवटी मामाच्या मदतीने ई-रिक्शा आली. सहावी शिकलेले बाबा ती चालवायचे आणि मी कॉलेजात जायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी आजही ऐटीत सांगते. पण सुदामा नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत खरा मान त्या रिक्शाचा. संध्याकाळी पाच ते आठ ती चार्जिंगला लागायची, मग बाबा सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या सवाऱ्यांना निघायचे.

अशाच एका संध्याकाळी सत्तरीच्या एक बाई फाटक उघडून सरळ आत आल्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, छातीशी ट्रान्झिस्टर, त्यातून नुसती खरखर. एक पाऊल टाकायच्या, ट्रान्झिस्टर गोल फिरवायच्या, कान द्यायच्या, पुन्हा एक पाऊल.

"कोण पाहिजे?" आईने विचारलं.

"चोर," त्या म्हणाल्या. "माझ्या रेडिओत खरखर घालून केंद्रं पळवणारा. रेडिओचं टोक ज्या रोखाला धरल्यावर खरखर बुडते, त्या रोखाला चोर. चार दिवस गल्ली पालथी घालतेय." रिक्शाच्या चार्जरपाशी येऊन त्या थांबल्या. "हा बघा. सापडला!"

बाबांचा पारा चढला. "ताई, ही रोजीरोटी आहे आमची. तुमच्या गाण्यांसाठी बंद ठेवू?"

"गाणी मी मोबाइलवर ऐकते, भिया. मला फक्त चोराचा पत्ता हवा होता. चालू द्या तुमचं." आणि आल्या तशा गेल्या.

या आमच्या मागच्या गल्लीतल्या शरयूताई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तीस वर्षं कानांवर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्यांनी शॉर्टवेव्हचा नाद धरला. गच्चीवर लांब तार बांधलेली, भिंतीवर दोन घड्याळं, त्यातलं एक साडेपाच तास मागे, कारण रेडिओवाले जगभर एकच वेळ लिहितात. लांबचं केंद्र पकडायचं, काय ऐकलं ते लिहून त्या केंद्राला कळवायचं. त्यांच्या नोंदींशी जुळलं तर ते कार्ड पाठवतात: होय, हे आम्हीच. आवाज किती जोरात, किती स्वच्छ, याला एक ते पाच गुण द्यायचे. ताई गुणांच्या बाबतीत फार कंजूष. "सगळीकडे पाच देणारा माणूस ऐकत नसतो बेटा, मस्का लावत असतो."

पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटाचं केंद्र त्यांना अकरा वर्षं हुलकावणी देत होतं. आता ते शॉर्टवेव्ह बंद करणार होतं. दोन महिने उरले होते. ते यायचं आपल्याकडच्या साडेसहा ते सातच्या दरम्यान, म्हणजे नेमकं चार्जरच्या वेळेत. तरी बाबांना त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मला मात्र बोलावलं, कारण हल्ली रिपोर्ट इंग्रजी ईमेलने जातो.

एका संध्याकाळी सगळ्या कॉलनीची लाइट गेली. लोक सुस्कारे टाकत बाहेर आले आणि ताई जिना चढत ओरडल्या, "सब चोर एकदम बंद! ये लवकर!" पंधरा मिनिटं ते बेट ताईंच्या गच्चीवर होतं. ताईंनी वहीत लिहिलं: पुरुषाचा आवाज, शब्द अस्पष्ट. बरेच जण मिळून गातात. मध्ये लांब शांतता. पुन्हा गाणं.

घरी टाइप करताना मला ते फारच फाटकं वाटलं. अकरा वर्षांची वाट आणि एवढंच? केंद्राच्या वेबसाइटवर कार्यक्रमपत्रिका होती. त्यातून मी हवामान आणि मासेमारीच्या बातम्या घातल्या, छान इंग्रजीत. पाठवलं.

उत्तर आठवड्यात आलं. त्या दिवशी बेटावरच्या एका वडीलधाऱ्यांची अंत्ययात्रा थेट ऐकवली होती. बातम्या झाल्याच नव्हत्या. रिपोर्ट नामंजूर.

ताईंनी ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं. "माझ्या वहीत मासेमारी होती?"

"नाही."

"मग तुला कुठून ऐकू आली?"

मी रडायला लागले. वहीतलं जसंच्या तसं पाठवलं असतं तर ते गाणं, ती शांतता, सगळं जुळलं असतं.

"रडणं नंतर. लिही आधी. मागचा रिपोर्ट चुकीचा होता. माझ्या नावाने गेला, म्हणून चूक माझी. पुन्हा ऐकून पाठवीन." मग म्हणाल्या, "ऐकू आलं नाही, हेसुद्धा लिहायचं असतं. कॉलेजात शिकवत नाहीत का?"

घरी मी सगळं सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले. "चूक आपल्या घरची आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला ते स्वतः चार्जरचा प्लग काढायचे, सातला लावायचे. अर्धा तास उशिरा निघायचे. एखादी सवारी हुकायचीच. ताई नको म्हणायला आल्या तर बाबांनी ऐकलंच नाही. "तुम्ही तुमचं काम करा, ताईजी."

बारा दिवस काही आलं नाही. ताईंनी बाराही दिवस वहीत तसं लिहिलं. ताप होता, तरी शाल गुंडाळून गच्चीवर. "माझा ताप त्या बेटाला काय माहीत?" तेराव्या दिवशी ते आलं, दबकत, नऊ मिनिटं. बाईचा आवाज. वाद्य, बहुधा ढोल. चार मिनिटं काहीच कळलं नाही. मी हेच टाइप केलं. "काहीच कळलं नाही" हेही. एकूण गुण दोन.

केंद्र ठरल्याप्रमाणे बंद झालं. त्यानंतर अडीच महिन्यांनी पाकीट आलं. ताईंनी कार्ड चष्मा पुसून वाचलं आणि पहिल्यांदा बाबांच्या हातात दिलं. बाबांना त्यातल्या इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी ते बराच वेळ धरून ठेवलं.

ताई पुढे दीड वर्ष होत्या. मी आता विजय नगरातल्या एका लॅबमध्ये तपासणीचे रिपोर्ट लिहिते. जे दिसतं तेवढंच लिहिते, आणि दिसलं नाही तर तसं लिहिते.

अकरा वर्षांनी शरयूताईंना त्या बेटाचं कार्ड मिळालं. ऐकलं नव्हतं असं त्या रिपोर्टात काहीही नव्हतं.