तिकीट कंपनीचं, कंबर माझी

जबलपूरहून विमानाने कुठेही जायचं, तर आधी दुसरीकडेच कुठेतरी जावं लागतं. मग तिथलं पुढचं विमान चुकतं, नाहीतर रद्द होतं, आणि विमानवाले हात जोडून काहीतरी हातात ठेवतात. ते 'काहीतरी' कोणाचं, यावर आमच्या ऑफिसात इतके किस्से साठलेत की मटाराचं बियाणं ठेवायच्या गोदामात मावणार नाहीत.

हो, आम्ही मटाराचं बियाणं विकतो. ऑफिस जबलपुरातल्याच गोरखपूर भागात, शेतकरी जवळच्या पाटनकडचे, मीटिंगा मात्र हैदराबादला. मी रुजू झाले तेव्हा हातावरची मेंदीही उतरली नव्हती. म्हणून अकाउंट्सचे तिवारीजी मला पहिल्या दिवसापासून 'बहूजी' म्हणतात. मी कमी बोलते. त्यामुळे मला ऐकू फार येतं.

* * *

तिवारीजींचा नियम एकच : "टिकट कंपनी का, तो टिकट से जो निकले, वो भी कंपनी का!"

त्यासाठी त्यांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट आहे. टूरवरून आलं की आधी कपाटाला हजेरी. विमान लेट झालं म्हणून मिळालेली बिस्किटं, ज्यूसचे डबे, टूथब्रश, डोळ्यांवर बांधायच्या काळ्या पट्ट्या, सगळं आत. पाहुणा आला की चहाबरोबर तीच बिस्किटं निघतात.

एकदा पाटनचे एक म्हातारे शेतकरी बिस्किटाचा कागद न्याहाळत म्हणाले, "तिवारीजी, इस पे तो लिखा है, बेचने के लिए नहीं."

"तो हम बेच कहाँ रहे हैं, दादा! खिला रहे हैं!"

* * *

आमच्या सेल्सचे वानखेडे काका मूळचे अमरावतीचे. त्यांची स्वतःची बॅग विमानवाल्यांनी फोडली आणि बदल्यात नवीकोरी ट्रॉली दिली. तिवारीजींनी तिच्यावर लगेच कंपनीचा स्टिकर चिकटवला, नंबरासकट. टेबल-खुर्च्यांना लावतात तसला.

"अहो, फुटलेली बॅग माझी होती!"

"पर फूटी किसके टूर पे?"

काकू ती ट्रॉली घेऊन भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेल्या. ऐन हळदीत तिवारीजींचा फोन. "भाभीजी, बैग सही-सलामत है ना? स्टॉक चेक चल रहा है."

काकू म्हणाल्या, "बॅग आहे. बाजूला वानखेडेही बसून राहिले. त्यांनाही मोजून घ्या!"

* * *

मिश्रा सर म्हणजे मालक. सतत विमानात. त्यांचे पॉइंट्स इतके जमले की सगळं कुटुंब गोव्याला फुकट जाऊन आलं. काकांनी चहाच्या वेळी हळूच विचारलं, "काहून हो तिवारीजी, ते पॉइंट्स कपाटात नाही आले?"

तिवारीजींनी चहाचा घोट घेतला. "सर का माल सर के पास गया, वानखेडेजी. कपाट तक आने का चक्कर बच गया."

* * *

असा वाद रोज चाले. काका म्हणत, "तिकीट कंपनीचं, पण खुर्चीत रात्रभर आखडली ती कंबर माझी!" तिवारीजी म्हणत, "कमर को तनखा कौन देता है?" मी कीबोर्ड बडवत ऐके. मला काय, मी कुठे जात होते!

मग जानेवारीत मलाच हैदराबादला पाठवलं.

* * *

परतीच्या दिवशी संक्रांत होती. लग्नानंतरची पहिली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हलव्याचे दागिने स्वतः ओवले होते. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं. काळी साडी इस्त्री करून ठेवलेली. संध्याकाळी हळदीकुंकू.

दिल्लीला विमान बदलायचं होतं, तिथे जबलपूरच्या विमानात माणसं जास्त झाली. रांगेत सगळ्यात कमी आवाज माझा, म्हणून मीच खाली उरले. बदल्यात एक व्हाउचर मिळालं : वर्षभरात दोन तिकिटं, हवी तिथली.

इकडे बायका जमल्या. नवरी नाही! शेजारच्या काकू म्हणाल्या, "हार तिच्या फोटोला घालू या का?" आईंनी त्यांना तिळगूळ न देताच घरी पाठवलं म्हणे.

* * *

लग्नानंतर मी आणि नीरज भेडाघाटापलीकडे कुठे गेलो नव्हतो. तो रात्रीच्या जेवणाला गंगटोक म्हणे, सकाळच्या चहाला केरळ. मला मात्र दर वेळी तिवारीजींचं कपाट दिसे. व्हाउचर पर्समधून डाळीच्या डब्यात गेलं, डब्यातून उशीखाली, उशीखालून परत पर्समध्ये.

तिवारीजी रोज विचारत, "बहूजी, वो दो टिकट? कंपनी के दो टूर निकल जाएँगे."

काका कानाशी येऊन म्हणत, "पोरी, तू देऊन टाकलंस तर आमचं सगळ्यांचं गेलं बरं!"

मी नवीन. नोकरी पक्की व्हायची होती. एका सकाळी नीरजला म्हटलं, "मी देऊन टाकते. झोप तरी लागेल." आई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

* * *

दुपारी मी व्हाउचर तिवारीजींच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कपाटाची किल्ली काढली. तेवढ्यात दारातून आई आत आल्या. हातात रुमालाने झाकलेलं ताट.

"तिवारीजी आप ही हो? अच्छा. बैठिए भैया, उठिए मत."

त्यांनी रुमाल काढला. हलव्याचे दागिने, एकही दाणा न निखळलेले. त्यांनी हार उचलला आणि सरळ तिवारीजींच्या गळ्यात घातला!

काकांचा चहा खाली सांडला. मिश्रा सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"माताजी... ये हमें क्यों?"

"नुकसान जिसका, भरपाई उसकी. भरपाई आपने ली, मतलब संक्रांत आपकी छूटी." आईंनी त्यांच्या कपाळावर बिंदी धरून माप पाहिलं. "रथसप्तमी तक चलता है. काळी साडी रिक्षात आहे. आणू?"

तिवारीजींनी गळ्यातल्या हाराकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते. मग तिवारीजींनी किल्ली खिशात टाकली आणि एका बोटाने व्हाउचर माझ्याकडे सरकवलं.

आई ताट झाकायला लागल्या. हारासाठी त्यांनी हात पुढे केला. तिवारीजींनी हारावर तळहात ठेवला आणि ताटाकडे मान वळवली.

"माताजी, वो बाजूबंद भी हमारे ही हैं क्या?"