अप्पांना ऐकू आलेली हाक

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर ओके, नाही बसला तर रिजेक्ट. मधलं काही नाही. कॅन्टीनमध्ये कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी सरळ ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. आज मीच इथे असलं काहीतरी लिहायला बसलेय... ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आधी माझ्या वडिलांबद्दल सांगते. अप्पा, वय एकाहत्तर. आमचं मूळ गाव राजगुरुनगरच्या पलीकडचं, पण त्यांची सगळी नोकरी भोसरीत, प्रेस शॉपमध्ये गेली. वर्षानुवर्षं त्या धाडधाड आवाजात उभं राहून दोन्ही कान गेले. उजवा पूर्ण. डाव्याला मशीन लावलं तर जवळून, मोठ्यानं बोललेलं कळतं. मशीन नसेल तर मागे फटाक्यांची माळ लावा — मान वळणार नाही. आई गेल्यापासून ते आमच्याकडे चिखलीत असतात. गप्प गप्प असतात.

जानेवारीत निलेश, माझा नवरा, म्हणाला, "अप्पांनी समुद्र पाहिलाच नाही अजून. दोन दिवस जाऊन येऊ." त्यानंच ऑनलाइन एक कॉटेज शोधलं. गावाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांचं पोट पर्यटकांवर आहे. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून पुढे मंडणगडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी असलेलं जुनं बंदर. टेकडीवर पडका किल्ला, खाली कौलारू घरांच्या दोन ओळी. आमचं कॉटेज त्यातलं शेवटचं. चिऱ्याच्या भिंती, दोन खोल्या, पुढे पडवी. मागच्या दारातून दगडी पायऱ्यांची पाखाडी थेट खाडीपर्यंत उतरत होती. मालकीणबाई शेजारीच राहायच्या, सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं.

वाटेत माणगावला अप्पांच्या मशीनचा सेल संपला. जादा सेल चिखलीत फ्रिजवर राहिलेले, आणि इतक्या सकाळी दुकानं बंद. म्हणजे दोन दिवस आता सगळं खुणांनी. मला फार वाईट वाटलं, पण अप्पा म्हणाले, "असूं दे. समुद्र काय ऐकायचाय व्हय? बघायचाय."

शनिवारी सकाळी दहाला पोचलो. काकींनी दिलेले घावणे खाल्ले आणि मी नि निलेश पडवीत पाय पसरून बसलो. अर्ध्या तासानं आतून अप्पांचा आवाज आला.

"आलो, आलो!"

मी आत गेले. अप्पा मागच्या दाराशी उभे होते, हात कडीवर.

मी खुणेनं विचारलं, काय झालं?

"कोण बाई हाका मारतीया बघ. मघाधरनं."

मी दार उघडून पाहिलं. पायऱ्या, माड, खाली उतरणारं पाणी. माणूस कुणी नाही. मी हातानं 'कुणी नाही' केलं, तर अप्पा हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"रेखे, किती साफ ऐकू येतंय म्हणून सांगू! मशीनमधनं खरखर येती तसं न्हाई. पयल्यासारखं. ती म्हणती, भिवा चल, पाणी उतराय लागलं, होडी सुटंल."

भिवा. माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रय. भावकीत, शेजारीपाजारी, कुठेच भिवा नाही.

निलेशही आत आला होता. तो हळूच म्हणाला, "कान वाजत असतील गं. डॉक्टर म्हणाले होते ना." आणि मग त्यानं एक गोष्ट केली, जी त्यानं केली नसती तर बरं झालं असतं. ओट्यावरची स्टीलची परात उचलली आणि अप्पांच्या पाठीमागे फरशीवर टाकली. मी दचकून किंचाळले. पलीकडून काकी "काय पडलं हो?" म्हणून ओरडल्या. अप्पा जागचे हलले नाहीत. त्यांना काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं.

आणि परात गरगरत थांबते न थांबते तोच त्यांनी मान पायऱ्यांकडे वळवली नि म्हणाले, "दमानं गं, आलो."

मी अप्पांचा दंड घट्ट धरला. भर सकाळी, लख्ख उन्हात.

दिवसभर ते मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. समुद्रावर चला म्हटलं तर एकदाच आले, वाळूत दहा मिनिटं उभे राहिले आणि परत जायची घाई करायला लागले. संध्याकाळी मी काकींना गाठून विचारलं, इथे आधी कुणाला काही...? त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. म्हणाल्या, "लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्षं झाली हो. कधी काही नाही. भिवा नावाचा माणूससुद्धा मला ठाऊक नाही."

रात्री ते शांत झोपले. मी नाही.

रविवारी सकाळी मी म्हटलं, लगेच निघू. अकराच्या सुमारास बॅगा गाडीत ठेवत होतो. अप्पांना मी पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला होता. घरात चार्जर राहिला म्हणून आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले — सीट रिकामी. निलेश डिकीपाशीच होता, त्यालाही कळलं नाही. घराला वळसा घालून मी मागे पळाले.

पायऱ्यांच्या तळाशी अप्पांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

ते पाण्यात होते. ओहोटी अर्धी झाली होती. काठाला चिखलाचा पट्टा आणि त्यापलीकडे मांड्यांपर्यंत पाण्यात माझे वडील, पाठमोरे, सरळ चाललेले. समोर काही नव्हतं. होडी नाही, माणूस नाही. "अप्पा! अप्पा!" मी गळा फाटेस्तोवर ओरडत होते, आणि ओरडतानाच कळत होतं की ह्याचा काही उपयोग नाही. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हता. त्यांना फक्त एकच आवाज ऐकू येत होता.

निलेश चिखलात घुसला आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला. "रेखा, दोरी! कुणाला तरी बोलव!" तो ओरडत होता. मला हलताच येईना. अप्पांच्या छातीला पाणी लागलं. ओहोटीची ओढ त्यांचा सदरा पुढे खेचत होती. मी खाली बसले आणि लहान मूल रडतं तशी मोठमोठ्यानं रडायला लागले.

अप्पा थांबले.

मागे वळले नाहीत आधी. मान तिरकी करून उभे राहिले, कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकावं तसे. एकदा मान हलवली. मग वळले, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश, पाण्याला रेटा देत परत आले. ज्या चिखलात निलेश रुतला होता, त्याच्याच बाजूनं. काकी आणि दोन कोळी धावत आले तेव्हा अप्पा स्वतः जावयाला हात देऊन बाहेर काढत होते.

मी त्यांना मिठी मारली. ते गारठले होते, थरथरत होते.

"ती म्हणाली," अप्पा म्हणाले, "तू भिवा न्हाईस. मागं तुझी लेक रडतीया. जा माघारी."

साठ-सत्तर फुटांवर, पाठमोऱ्या, ठार बहिऱ्या माणसाला मी रडतेय हे कसं कळलं?

आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीचा आलेख आधीसारखाच, मशीनशिवाय शून्य. ते म्हणाले, ऐकणं थांबलं की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, बऱ्याच वृद्धांना होतं. मला पटलं. पटवून घेतलं. पण मेंदूला माझं रडणं कोणी सांगितलं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. आज इतके महिने झाले तरी ओके म्हणता येत नाही, रिजेक्टही करता येत नाही.

घरी आल्यावर अप्पांना पुन्हा काही ऐकू आलेलं नाही. एकदा जेवताना मात्र ते म्हणाले, "बिचारी अजून हाका मारत असंल. आणि तिचं ऐकणारं तिथं कुणीच न्हाई." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

परवा सोसायटीच्या वॉचमननं मला गेटवर थांबवलं. "मॅडम, अप्पा कुठं गावाला चाललेत का? तीन-चार दिवस झाले, रोज विचारतात — वल्लभनगर स्टँडवरून मंडणगडची एसटी किती वाजता सुटते."