चिंचेवरचं आग्यामोहोळ

निवृत्तीनंतर आम्ही शेतातल्या घरी राहायला आलो तेव्हा शाळेतल्या सगळ्या बाया एकच वाक्य म्हणाल्या होत्या, आता काय बाई, मजा आहे तुमची. मजा आहे, नाही म्हणत नाही. केजपासून गाडीवर वीस मिनिटं, पुढं दोन खोल्या, पत्र्याची पडवी, दारात पेरू आणि लिंबोणी, मागं मेथी-कोथिंबिरीचे वाफे, त्यापलीकडं हरभरा आणि ज्वारी. मार्गशीर्षात सकाळी हरभऱ्यातून फिरून आलं की हाताला पानांवरची आंबट आंब लागते, ती चाटत चहा ठेवायचा. पेरू झाडावरच पिवळा होऊ द्यायचा आणि पोपटाच्या आधी काढायचा. बोरं पदरात भरून आणायची. ऊन पाठीवर घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसायचं. एवढं सगळं सुख आहे आणि मी त्यात भेदरून राहते, हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

मी मुळातच भित्री. लहानपणी विहिरीच्या काठाला जात नसे, मोठेपणी शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी मला जेवण जात नसे. पण ती भीती वेगळी. तिला मी आयुष्यभर हसत आले. आताची भीती हसण्यासारखी नाही.

दोन वर्षांपूर्वी लिंबोणीला फुलं आली होती आणि आमचे हे आळ्यात वाकून गवत काढत होते. एक साधी बारीक माशी मानेला डसली. आम्ही दोघांनी काटा काढला, चुना लावला. मी आत जाऊन हात धुऊन आले तोवर त्यांचे ओठ सुजले होते. काहीतरी सांगत होते, पण आवाज आधी घोगरा झाला, मग बारीक झाला, मग नुसता वारा. दुधाची गाडी नशिबानं दारावरून चालली होती. केजच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तासाभरानं आवाज परत आला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की ह्यांना माशीचं विष चालत नाही, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं धरून चालू नका. इंजेक्शन घरी ठेवायला दिलं, टोचायचं कसं ते शिकवलं. तेव्हापासून ती डबी माझ्या कमरेच्या पिशवीत असते. आंघोळीला जाताना मी ती न्हाणीच्या कोनाड्यात ठेवते.

माझी ही तऱ्हा, आणि ह्यांची दुसरी. त्या दिवसानंतर त्यांनी भीतीचा शब्द काढला नाही. उलट दिवाळीनंतर शेताच्या मधोमध असलेल्या चिंचेवर सुपाएवढं आग्यामोहोळ येऊन लटकलं, तेव्हा हे रोज सकाळी खुर्ची घेऊन त्याच्या समोर बसायला लागले. मी म्हणायची, घरात बसा. ते म्हणायचे, आपण त्यांच्या वाटेला जात नाही, त्या आपल्या वाटेला येत नाहीत. मी म्हणायची, केजला दोन खोल्या भाड्यानं घेऊ, दवाखान्याजवळ. ते म्हणायचे, तिथं पेरू काढायला कुठं जाऊ? मला त्यांचा असा राग यायचा की चहाचा कप हातात न देता मी खुर्चीच्या बाजूला जमिनीवर ठेवून परत यायची. मरणाला न भिणाऱ्या माणसाबरोबर राहणं लई अवघड असतं. सगळं भिणं बायकोच्या वाट्याला येतं.

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, चार दिवस आधी हे सातबारा काढायला केजच्या तहसीलला गेले. ही संधी मी सोडली नाही. आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या बाईच्या माहेरची दोन माणसं मोहोळ झाडतात. ती मोटारसायकलवर बादली आणि दोर घेऊन आली, फडकं आणि ओला कडबा पेटवून धूर केला. मी दार-खिडक्या लावून आत बसले आणि फटीतून पाहत राहिले. तासाभरात काम झालं. माश्या दोन-तीन दिवस घोटाळतील, मग निघून जातील, असं ते म्हणाले. मला मधाचा तांब्या देत होते, तो मी घेतला नाही. घरात मध दिसला असता तर ह्यांनी विचारलं असतं. मेलेल्या माश्या झाडून मेथीच्या वाफ्यात पुरल्या.

संध्याकाळी हे आले, चिंचेकडं पाहिलं आणि विचारलं, गेलं व्हय? मी म्हणाले, उडून गेल्या आपोआप. बरं झालं, म्हणाले आणि पाय धुवायला गेले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी इतकं सरळ तोंड ठेवून खोटं कधी बोलले नव्हते. पण खरं सांगते, त्या रात्री मला गाढ झोप लागली.

येळवस आमच्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. सगळं गाव शेतात असतं. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, वरून घोंगडी पांघरायची. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हात धरून जेवायला बसवायचं. आमची कोप जरा मोठी असते, दोन माणसं दाटीनं बसतील एवढी, कारण ह्यांना कोणतीच गोष्ट बेताची करता येत नाही. ती चिंचेपासून तीसेक पावलांवर, ज्वारीच्या कडेला. दीर-जाऊ, त्यांच्या लेकी-जावई, शेजारच्या शेतातली मंडळी, असे वीसेकजण जमले होते. पूजा झाली, जेवणं झाली. हे आंबिलीचा तांब्या घेऊन आरोळी देत पिकावर शिंपडायला गेले. ते शिंपडणं आधीच व्हायला हवं होतं, पण आमच्याकडं बोलण्याच्या नादात सगळं मागं-पुढं होतं. जाऊ माझी चेष्टा करत होती की ह्या वर्षी भज्जीत मास्तरीणबाईंनी मीठ टाकायचं ध्यानात ठेवलं. मी हसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तासभर मी डबीला हात लावून पाहिला नव्हता.

मग हुरड्याची टूम निघाली. दिरांनी कणसं भाजायच्या आगटीसाठी विहिरीकडं, उन्हात खड्डा करायला घेतला. दर वर्षी आगटी चिंचेखालीच असते, पण दिवाळीनंतर येऊन त्यांनी मोहोळ पाहिलेलं होतं, म्हणून ते लांब गेले. शहाणा माणूस. आणि त्यांना हाक मारून मी म्हणाले, उन्हात कशाला करता भावजी, सावलीला या, मोहोळ गेलंय कवाच. हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

गवऱ्या थोड्या ओलसर होत्या. धूर चांगलाच झाला आणि सरळ वर गेला. मी कणसं चोळायला सूप घेऊन बसले होते आणि सहज वर पाहिलं. ज्या फांदीवर मोहोळ होतं ती मोकळी होती. तिच्याही वर, जाड फांदीच्या पोटाला, काळा डाग होता. तो मी चार दिवस रोज पाहत होते. मला वाटलं होतं, धुरानं साल काळी पडली. तो डाग हलत होता. माश्या कुठंही गेल्या नव्हत्या. घर मोडलेल्या, चिडलेल्या, सगळ्याच्या सगळ्या तिथं एकमेकींना धरून बसल्या होत्या.

ओरडायला पाहिजे होतं. मी सूप धरून वर बघतच राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही, बहुतेक दोन श्वास. मग वरून आवाज आला, गिरणी सुरू होताना येतो तसा, आणि दिरांनी हातातलं कणीस टाकून सगळ्यांना पळायला सांगितलं. लोक घराकडं धावले. जाऊनं लेकीच्या अंगावर सतरंजी टाकली. सूप, पाट्या, चपला, सगळं तिथंच.

हे ज्वारीच्या कडेनं रिकामा तांब्या घेऊन आमच्याकडंच येत होते. गुडघा दुखतो म्हणून हळू. घर चिंचेच्या पलीकडं. मी सगळ्यांच्या उलट दिशेनं पळाले. आयुष्यात मी अशी पळाले नव्हते. त्यांच्या दंडाला धरून कोपीत ढकललं, तसे आत पांडव पडले, दिवा विझला. घोंगडी ओढून तोंड बंद केलं, कडा पायाखाली दाबल्या आणि कोपीच्या दाराला बाहेरून पाठ लावून बसले. मी आत गेले असते तर माझ्या अंगावरच्या माश्याही आत आल्या असत्या. माझ्या डोक्यात, मानेवर, हाताच्या पाठीवर माश्या डसत होत्या. ते दुखणं मला आठवत नाही. कमरेची डबी मुठीत होती आणि मला एकच कळत होतं, त्यांना एक जरी डसली असली तरी मला आवाजावरून समजेल.

"बोलत राहा," मी म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नका."

ते बोलायला लागले. त्यांना एकही माशी डसली नव्हती हे मला नंतर समजलं. तेव्हा समजायला मार्ग नव्हता. घोंगडीतून येणारा आवाज घोगरा वाटायचा आणि मी डबीचं झाकण चाचपायची. ते हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते बोलले. तुरीला अळी आली आहे म्हणाले. तहसीलमध्ये किती वेळ बसवलं ते सांगितलं, धाकट्या लेकीला फोन करायचा राहिला ते सांगितलं. मग थांबले.

"थांबू नका म्हणलं ना."

"संपलं की गं."

मग मीच बोलले. तोंड सुजत होतं, शब्द जड येत होते, तरी सांगितलं. म्हणाले, मोहोळ आपोआप गेलं नाही, मी झाडून घेतलं, तुम्ही केजला गेलतात तेव्हा. भावजींना मीच सावलीला बोलावलं. हे सगळं माझ्यामुळं झालं.

आतून काहीच आलं नाही. मी घोंगडीवर मूठ मारली. बोला, म्हणाले, शिव्या द्या, पण बोला.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी जळक्या फडक्याचा वास आलता झाडाखाली. मेथीच्या वाफ्यात खुरपताना माश्या दिसल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"कावून बोलू? मला बरं वाटलं." मी पुन्हा मूठ उचलली, तेवढ्यात त्यांचा आवाज आला, अगदी खालच्या सुरात. "मला तुझ्यापरीस जास्त भ्या वाटतंय. दोन वर्सं झाली. लिंबोणीखाली जाताना पाय कापत्यात. त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचो ना, डोळे मिटून बसायचो. मी भ्यालो असं दिसलं असतं तर तू एक दिस हितं ऱ्हायली नसतीस. अन मला केजात मरायचं न्हाई."

मला दोन वर्षं वाटत होतं की ह्या घरात घाबरणारी मी एकटी आहे. त्या बेफिकीर माणसावर मी चिडायची, पण रात्री त्याच्याच घोरण्याच्या आधारानं झोपायची. आता तो आधारही गेला. मी इतकी घाबरले की मला रडू आलं, आणि सुजलेल्या डोळ्यांतून ते नीट बाहेरही येईना.

तेवढ्यात कडब्याच्या दोन पेंढ्यांच्या मधून काहीतरी सळसळलं. त्यांचा हात बाहेर आला, कोपरापर्यंत उघडा, आणि माझा खांदा चाचपडायला लागला. माझ्या आजूबाजूला अजून दहा-पंधरा माश्या घोंघावत होत्या. तो हात धरावा असं मला आयुष्यात कधी वाटलं नसेल इतकं वाटलं. मी त्यावर जोरात चापट मारली आणि तो कडब्याच्या आत ढकलला.

"हात आत," मी म्हणाले. "बोलत राहा."