एकही गोळी न चुकवलेली करुणा

करुणाने आयुष्यात कुठलंच काम अर्धवट सोडलं नाही. पोटुशी राहिल्यावर पहिल्याच तपासणीत एचआयव्ही निघाला, तेव्हा गोळ्याही तिने तशाच नेमाने सुरू केल्या. नवरा महेंद्र मुंबईला नोकरीला. आजार त्याच्याकडूनच आला, हे त्यालाही मान्य होतं. गोळ्या नीट घेतल्या की रक्तातले विषाणू दबून जातात आणि बाळाला लागण व्हायची भीती जवळजवळ उरत नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. ते एक वाक्य धरून ती बाई जगत होती.

सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे ती बाळंतपणाला हेदवीजवळ माहेरी आली. अंगात रक्त कमी आहे, एवढंच तिने आईला सांगितलं. आई, सीताबाई, जुन्या वळणाच्या. "औषध अनशापोटी घ्यावा, तवाच अंगाला लागता," हा त्यांचा ठाम नियम. झालं! रात्री जेवून घ्यायची एचआयव्हीची गोळी करुणाने पहाटेवर आणली. सोबत लोहाची आणि कॅल्शियमचीही, सगळ्या एकदम, रिकाम्या पोटी. बाळासाठी जास्तीची काळजी म्हणून.

पुढच्या तपासणीत विषाणू वाढलेले निघाले.

चिपळूणला ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने ती तपासणीला रत्नागिरी गाठायची. एवढं पोट घेऊन आधी फेरीबोट, मग एसटी. आणि डॉक्टर मान वर न करता विचारतात, "गोळ्या चुकवतेस ना?"

"नाय ओ, एकपन नाय चुकवली."

"सगळ्या हेच सांगतात."

म्हणे सगळ्या! कशी घेतेस, कधी घेतेस, एवढं विचारायला काय जीभ झिजत होती?

रिपोर्टचं ऐकून महेंद्रने तर फोनवर कळसच केला. "पोराला काय झाला तर तुला सोडनार नाय." घरात आजार आणणारा हा माणूस, आणि तोंड वर करून हे बोलतो! तळपायाची आग मस्तकात जाते. करुणाला मात्र भांडायचीही सोय नव्हती. आवाज चढवला असता तर आईला कळलं असतं.

दवाखान्यात नव्याने आलेल्या समुपदेशक दिशाने अखेर तो साधा प्रश्न विचारला. करुणाने पहाटेचं सगळं सांगितलं. दिशाने कपाळाला हात लावला. लोह आणि कॅल्शियम रिकाम्या पोटी सोबत घेतलं की एचआयव्हीची गोळी अंगात नीट शोषलीच जात नाही. ही रात्री जेवून, त्या दुपारच्या जेवणानंतर, एवढाच बदल तिने सांगितला.

नववा सरत आला तेव्हा नवा रिपोर्ट आला. विषाणू दबले होते.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "शेवटी ऐकलंस."

करुणा उठली नाही. "मी पयल्यापासून ऐकतंय. ह्यांना फोन लावतंय. तुमीच त्यांना सांगा, करुणानं एकपन गोळी चुकवली नाय म्हनून."

"अगं, आता चांगलं झालंय ना? बाहेर रांग आहे."

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला.

"आता परत काय चुकवलंस?" पलीकडून महेंद्रने विचारलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. करुणाने फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"बोला," ती म्हणाली.