आजच्या दिवसापुरतं एकच वाहन

कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या मंचरात कापडाचं दुकान चालवणाऱ्या बंटीची पन्नाशी जवळ आली, तरी सगळे त्याला बंटीच म्हणत. खरं नाव आधार कार्डावर होतं, ते तिथेच राहिलं. दोन वर्षं हा माणूस दर रविवारी पहाटे सायकल काढून घोडेगावच्या रस्त्याला लागत होता, आणि घाटमाथ्यावरच्या आहुप्याला काही एकदाही पोचला नव्हता.

सुरुवातीला ते अकरा जण होते. सगळ्यांचे एकसारखे पिवळे शर्ट, सगळ्यांची हेल्मेटं, आणि सायकली तर अशा की रस्त्यावरची जनावरंसुद्धा वळून बघत. पहिल्या रविवारी ते घोडेगावपर्यंत गेले, चहा प्यायले, चाळीस फोटो काढले आणि परतले. तिथेच बंटी सगळ्यांसमोर बोलून बसला, "मी आहुप्यापर्यंत जाणार. पायडल मारत."

दुसऱ्या रविवारी नऊ जण आले, दिवाळीनंतर चार, आणि मग एकटा बंटी. सुदर्शनची कंबर धरली, आदेशचं लग्न ठरलं, आणि एका डॉक्टरांच्या सायकलवर टॉवेल वाळू लागले. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप मात्र ठणठणीत होता. ज्यांच्या टायरमध्ये महिनोन् महिने हवा नव्हती, ते रोज सकाळी अंथरुणात पडून एकमेकांना 'जिद्द सोडू नका' असं कळवत. बंटीला त्यांची कीव यायची. त्याचं आहुप्याचं बोलणं ते केव्हाच विसरले होते. तो विसरला नव्हता, हेच त्याचं दुखणं होतं.

एकट्याने सायकल चालवताना माणूस थांबला तर 'का थांबलास' असं कुणी विचारत नाही. डिंभे धरणाच्या पुढे चढ लागला की बंटीच्या मांड्या कुरकुरायला लागत. कानात मोबाइलवरचे कुणी गुरुजी हिंदीतून ओरडत असायचे, मन जिंकलं की जग जिंकलं. या गृहस्थांनी आयुष्यात चढ पाहिला असेल तर तो लिफ्टमधून, असं बंटीला वाटे. आणि नेमका तेव्हाच वरच्या गावांत किराणा पोचवणाऱ्या दादाभाऊचा पिकअप मागून यायचा.

"काय बंटीशेठ, पंचर?"

"नाही रे."

"मग गाडी इकली का काय? दुकान चालंना व्हय?"

खातापिता माणूस हौसेने घाम गाळतो, हे दादाभाऊच्या डोक्यात शिरत नसे. "टाका माघं," तो म्हणायचा. "आता तू एवढं म्हणतोस तर," असं म्हणून बंटी सायकल चढवायचा. जणू काही त्याने दादाभाऊचं मन राखलं होतं. दुपारी परतीच्या फेरीत दादाभाऊ ती दुकानापुढे उतरवायचा, आणि बंटीची आई, सज्जनबाई, दारातून विचारायची, "आणलंस का सायकलला फिरवून?"

जानेवारीतल्या एका शनिवारी तिने निकालच लावला. "बंट्या, दोन वर्षं झाली. लोक मला विचारतात, मुलगा रविवारी पिकअपवर कामाला जातो का? दे ती कुणालातरी."

"उद्या नाही पोचलो तर देऊन टाकतो," बंटी बोलून गेला. बोलल्यावर त्याला स्वतःच्या जिभेचा राग आला.

सज्जनबाई रोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून जैनांचे चौदा नियम घ्यायची. आज किती पदार्थ खायचे, किती कपडे वापरायचे, कोणत्या वाहनात बसायचं, अशा चौदा गोष्टींची मर्यादा, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. बंटी चातुर्मासाखेरीज त्या वाटेला जात नसे. त्या रविवारी मात्र तो घट्ट चड्डी घालून, हेल्मेट काखेत धरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि हात जोडून मनात म्हणाला, आज एकच वाहन, सायकल. कुणाला सांगितलं नाही. सांगायला लाजच वाटत होती.

चढावर दादाभाऊ आलाच.

"टाका माघं."

"आज नको. नियम आहे."

"कुणाचा? आरटीओचा?"

"माझाच."

"तुमचाच हाय तर मोडा की राव!"

दादाभाऊ डोकं हलवत निघून गेला. बंटी दोन वळणं रेटत गेला, मग उतरून सायकल ढकलू लागला. पायी चालायला त्याने मर्यादा घातली नव्हती. चढायचं, ढकलायचं, पुन्हा चढायचं, असं करत दुपारी एकला तो आहुप्यात पोचला. आपण पोचलो की काहीतरी होईल असं त्याला दोन वर्षं वाटत होतं. एका कुत्र्याने मान वर करून पाहिलं आणि खाली ठेवली.

बयाबाई नावाच्या म्हातारीने अंगणात बोलावून ताट पुढे केलं. भाकरी आणि बटाट्याचा रस्सा.

"आजी, मला कांदा-बटाटा चालत नाही."

"पावणं कुठलं?"

"मंचरचा."

"आगं बया! मंचरचं आन् कांदा-बटाटा चालत न्हाई? मग तिथं ऱ्हाता कशाला?"

बंटी दुधात भाकरी कुस्करून जेवला. तेवढ्यात घोडेगावची एसटी सुटायच्या तयारीला लागली. हिनेच परतायचं, हे त्याने आधीपासून धरलेलं होतं. दांडीला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तसाच उभा राहिला. नियम उद्याच्या सूर्योदयापर्यंतचा होता. त्या शहाण्याने पहाटे फक्त जाण्याचा विचार केला होता.

नियम घेतल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मोडला असता तरी कुणाला कळलं नसतं. एसटीतल्या बाकाचा फाटलेला रेग्झिनसुद्धा त्याला मऊ दिसत होता.

"बसताय का फोटू काढायचाय?" कंडक्टर खेकसला.

"जा तुम्ही," बंटी म्हणाला.

एसटी धूळ उडवत गेली. बंटीने आधी स्वतःला, मग सायकलला, मग त्या मन जिंकणाऱ्या गुरुजींना मनसोक्त शिव्या घातल्या. तेवढं झाल्यावर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून टांग मारली. उतार संपले, धरणाकाठचे चढ आले, घोडेगाव मागे पडलं. हायवेच्या कडेने, ट्रकांचा धूर खात, पायाला गोळे आणत तो मंचरात शिरला तेव्हा उजेड होता, पण सूर्य दहा मिनिटांपूर्वी मावळला होता. सूर्यास्तानंतर त्यांच्या घरात कुणी तोंडात काही घालत नसे, म्हणजे जेवण गेलं, पाणीही गेलं.

सज्जनबाई दारात होती. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पिकअप कुठेच नव्हता. वाढून ठेवलेलं ताट तिने उचलून आत नेलं आणि परत आली.

"पोचलास?"

"पोचलो. आलोही तसाच."

तिने त्याच्या धुळीने भरलेल्या पोटऱ्यांकडे पाहिलं. "मग सायकल कुणाला द्यायची?"

"कुणाला नाही," बंटी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला. "या गावात एकाची लायकी नाही."