हादरेबाई

मी ट्रेलर सुरू केला की शेजारी बसलेली हादरेबाई डोळे मिटायची. बाकीचे रस्ता बघायला डोळे उघडतात, हिचं उलटं. मला पहिल्यांदा रागच आला. म्हटलं, "बाय, निजायला घरी खाट नाय?" तर म्हणाली, "निजले नाही ओ मामा. मार कुठं बसतोय ते बघतेय."

बेळगावकडची पोर, इंजिनिअर. डिचोलीच्या बाजूला एका कारखान्यात घराएवढ्या लांब लोखंडी टाक्या बनत. टाकी गिऱ्हाइकाकडे नेताना वाटेत किती हादरे बसतील, ते ती सोसेल की तडकेल, याचा अंदाज बांधणं हे हिचं काम. हादरे मोजणारी एक डबी ती टाकीला चिकटवायची. हादरेबाई हे नाव कामगारांनी ठेवलं, तिला ते आवडायचंही. मी सुर्ल्याला खनिजाचे ट्रक चालवलेला माणूस. खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रेलरवर आलो. खनिज आपटलं तरी खनिजच राहतं. त्यामुळे हिचं हळू घ्या, हळू घ्या ऐकून मला कंटाळा यायचा. एकदा विचारलं, डबी मोजते तर तू कशाला डोळे मिटतेस? म्हणाली, "डबी आकडा सांगते ओ. टाकी कुठं कण्हली ते सांगत नाही."

"टाकी जन्मभर एका जागी उभी राहणार," ती म्हणायची, "पण सगळ्यात मोठा मार तिला वाटेतच बसतो." म्हणून टाकी चढवताना टेकू कुठं द्यायचे यावरून रोज भांडण. टोकांना दिले तर मध्ये वाकते, मध्येच दिला तर टोकं हलतात. कोणी पट्टा फार आवळला की ओरडायची, "गळा दाबताय काय तिचा?" स्पीडब्रेकरवर रांगत गेलो म्हणून मॅनेजर चिडला, तर त्याला म्हणाली, "साहेब, टाकी शिव्या देत नाही म्हणून तुमचं बरं चाललंय की."

पेडण्याला आमच्या घरी यायची. माझी बायको शाली तिला उकड्या तांदळाची पेज नि भाजलेला सुका बांगडा वाढायची. शाली विचारी, "गो, लगीन कधी करतलंय?" ही म्हणे, "मामी, आधी रस्ते तर नीट होऊ देत."

मग शालीच्या हाडांत आजार उतरला. पहिल्यांदा गाडीतून इस्पितळात नेली तेव्हा प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळली. मी बाजूला बसून होतो, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आणा, बरं नाही करू शकत, पण दुखणं कमी करू. शाली म्हणाली, "मी हयच मरान, पण त्या गाडयेत चढूचंय नाय." घरात ती रात्रंदिवस कण्हायची. न्यायचं तर कसं, आणि ठेवायचं तर कसं?

हादरेबाईला कळलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून आली. धीर बीर काही दिला नाही. आधी विचारलं, "मामी, लागतं कुठं? कंबरेत की मानेत?" मग कोणाची तरी व्हॅन आणली, मधली सीट काढली. म्हणाली, मागच्या चाकांवर निजवतात तिथंच जास्त उसळतं, दोन चाकांच्या मध्ये निजवा. गादी घातली, गुडघ्यांखाली उशी, कंबरेखाली दुमडलेली गोधडी. आधी शालीच्या जागी स्वतः आडवी पडली आणि मला गाडी फिरवायला लावली. उठून गोधडी जरा वर सरकवली.

मी चालवत होतो, ती मागे खाली बसलेली, शालीच्या कंबरेखाली हात घालून, डोळे मिटून. "मामा, हळू." "आता घ्या." तेवढंच बोलायची. म्हापशाला शुक्रवारचा बाजार. मागे बस हॉर्नवर हॉर्न मारतेय. कंडक्टर दारातून ओरडला, "अरे, मयत घेवन चल्लास काय?"

आतून शाली ओरडली, "नाय रे मेल्या! अजून जिती आसंय!"

आम्ही तिघंही हसलो. शालीला हसताना दुखलं, तरी हसली. म्हापसा सुटल्यावर ती झोपली. कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली होती. इस्पितळाच्या दारात गाडी थांबवून मी तसाच बसून राहिलो. कोणीतरी गाडी काढा म्हणून काच वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.

शाली तिथून परत आली नाही. ती इस्पितळात असतानाच हादरेबाईची गुजरातकडे बदली झाली होती. तिला मी कळवलं नाही. कोणालाच काही सांगायची ताकद नव्हती, अजूनही फारशी नाही. लोक आपणहून आले, बसले. काय झालं होतं, वय किती, मुलं कुठं असतात, विचारून गेले.

एका दुपारी तिचा फोन आला. "मामी कशी आहे ओ?"

"गेली गो," मी म्हटलं.

मग म्हणाली, "जाताना त्रास झाला काय ओ मामा?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"नाय गो," मी म्हटलं. "झोपेतच गेली."

फोन बराच वेळ दोघांनीही ठेवला नाही.